दहाव्या बंडीची हाक

दौलतचाचा मुकादमांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले. अमरावतीच्या कापूस-बाजारात माझी नवी बैलबंडी उभी होती आणि चाचा तिच्याखाली उताणे पडून चाकांचा आख ठोकून पाहत होते. मी भातकुलीकडचा, बावीस वर्षांचा, स्वतःची बंडी आणि स्वतःची बैलजोडी असलेला गडी. परक्या माणसानं न विचारता आपल्या बंडीखाली शिरावं याचा मला भलताच राग आला. मी म्हटलं, "कोण हाय रे खाली?" खालून आवाज आला, "आख पाहून बसवला का डोये मिटून?" मग ते कपडे झटकत बाहेर आले, बैलांच्या पाठीवर हात फिरवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बैल चांगले हाय. नाव काय यायचं?" मी माझं नाव सांगितलं. ते म्हणाले, "तुह्यं नाई इचारलं. बैलाचं." मी म्हटलं, "बादल आन् चंदन." त्या दिवसापासून मी त्यांच्या तांड्यात दहावा झालो.

येत्या महिन्यात चाचांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत. त्यानिमित्त गाडीवान मंडळी आणि बाजारातले व्यापारी मिळून हा ग्रंथ काढत आहेत, आणि माझ्याकडून लेख हवा असा निरोप आला. गाडीवानाचा कसला गौरवग्रंथ, असं म्हणणारे लोक अकोल्यात भेटलेच. त्यांना मी काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी मात्र निरोप आल्यापासून अस्वस्थ आहे, कारण चाळीस वर्षांपूर्वी याच माणसाला मी चाळीस गाडीवानांसमोर 'बेईमान' म्हणालो आहे. तो शब्द मी अजून परत घेतलेला नाही. चाचांची नजर गेली, ऐकूही कमी येऊ लागलं आहे. आता नाही घेतला तर राहूनच जाईल, म्हणून हा लेख.

तांड्याची रीत आजच्या वाचकांना सांगायला हवी. तेव्हा वऱ्हाडात आगगाडी नव्हती. कापूस बंड्यांत भरून महिना-दीड महिना चालत मुंबईला न्यायचा आणि येताना मीठ, नारळ, लोखंड घेऊन यायचं. रोज फटफटायच्या वेळी चाचा सगळ्या बंड्यांसमोर उभे राहून हाका देत. हाक माणसाच्या नावानं नसे, बैलांच्या नावानं असे. "मोत्या-शंकर?" असं त्यांनी विचारलं की गाडीवानानं जुवाजवळ उभं राहून "जुपली!" म्हणायचं. चाचांचं म्हणणं असं, की माणूस अंथरुणातूनही 'आलो, आलो' म्हणतो, पण खांद्यावर जू ठेवल्याशिवाय 'जुपली' कोणाच्या तोंडून निघत नाही. उत्तर आलं नाही तर चाचा थांबत. चाळीसच्या चाळीस बंड्या थांबत. आणि सगळ्या निघाल्या की चाचा स्वतः शेवटच्या बंडीमागे चालत. त्या शेवटच्या बंडीत वंगणाची मडकी असत, औषधं असत आणि बाभळीचे जादा आख असत. कोणाचाही आख मोडला तरी मागून चाचा येतच आहेत, ही आम्हाला इतकी सवय होती की आपल्या बंडीत एक आख बाळगावा लागतो हेच आमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं.

ते दिवस कापसाच्या तेजीचे. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत घरातल्या घरात लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला पोचेना, म्हणून विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली होती. बाजारात कापूस कोणी निवडूनसुद्धा पाहत नव्हतं, मागू त्या भावानं उचलत होतं. भाडंही तसंच वाढलं. आमच्या हातात पैसा आला आणि डोक्यात वारं शिरलं. मी तर बादल-चंदनच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या करून घेतल्या. चार बोटं उंचीच्या, टोकाला घुंगरू. अमरावतीच्या बाजारातून निघालो की लोक वळून पाहत. चाचांनी त्या शेंब्या बराच वेळ चाचपून पाहिल्या आणि म्हणाले, "बैलाले इचारलं होतं का?" सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून चिडलो.

चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण पुढे काय येणार याचा विचार करणारा असा दुसरा माणूस मी पाहिला नाही. रस्त्याच्या कडेनं तारेचे खांब उभे राहिले तेव्हा आमची करमणूक एवढीच, की बैल त्यांना अंग घासतात. चाचा मात्र एका खांबाला कान लावून उभे राहिले. दुपारच्या पडावावर चिंचेखाली भाकरी खाताना म्हणाले, "आपून महिनाभर चालतो तवा मुंबईचा भाव इकडं समजते. हे तार एका घडीत सांगते. मंग ज्याच्याजवळ बातमी आधी, त्याचा कापूस आधी. आपल्या पायाले कोण इचारंन?" गणपत म्हणून आमचा एक गडी होता, अजून आहे. तो म्हणाला, "चाचा, तारेतून कापूस तं नाई ना जात?" चाचा म्हणाले, "तार पुढं गेली का मागून कापूस नेणारंही काहीतरी येतेच, लेका."

त्याच गणपतला एकदा भाड्यात कागदी नोट मिळाली. आम्ही नोट पहिल्यांदाच पाहत होतो. एक जण म्हणाला, चुलीत घाल. दुसरा म्हणाला, वास घेऊन पाहा. चाचांनी ती उन्हात धरली, उलटी-सुलटी केली आणि गणपतला परत दिली. "हे चालते, कारण समोरचा मानते. चांदीचंही तसंच हाय, फक्त चांदी वाजते म्हणून आपल्याले भरवसा वाटते. आन् हा कापसाचा भावही तसाच. तिकडं दोन भाऊ भांडून राहिले म्हणून आपल्याले मान हाय. उद्या त्यायचं पटलं तं?" हे बोलताना त्यांनी माझ्या बैलांच्या शिंगांकडे पाहिलं होतं की नाही, कोण जाणे. मला तसं वाटलं खरं.

मग तो दिवस आला. आगगाडीचे रूळ खानदेशापर्यंत येऊन पोचले होते, आणि आपल्याकडे मातीचे भराव पडू लागले होते. चाचा मूळचे अचलपूरचे, मेळघाटातल्या वाटा त्यांना पाठ. रुळांखाली आडवं घालायचं सागवानी लाकूड जंगलातून काढून भरावापर्यंत पोचवायचं काम त्यांनी गोऱ्या साहेबाकडून घेतलं. बाजारातल्या पटांगणात सगळ्यांना बोलावून सांगितलं, "औंदा अर्ध्या बंड्या मुंबईले जातीन, अर्ध्या मेळघाटात. पुढच्या साली सगळ्या मेळघाटात." मी पुढे झालो.

म्हटलं, "चाचा, ज्यानं आपली भाकर जाते त्याचंच लाकूड आपून वाहून न्यावं?"

ते शांतपणे म्हणाले, "आपून नाई नेलं तं दुसरा नेईन. रूळ काई थांबत नाई. पण पाह्य नारायणा, इंजिन रुळावरून एक बोट इकडं-तिकडं होऊ शकत नाई. ठेसन काई गावोगाव उगवत नाई. कापूस तं गावातच पिकते. गावातून ठेसनावर कोण आणंन? लंबा रस्ता जाईन बावा, पण जवळचे रस्ते वाढतीन. आजच आपला पाय त्या आवारात ठेवला पायजे."

आज हे वाक्य लिहिताना माझी मान खाली जाते. त्यांचं अक्षर न् अक्षर खरं ठरलं. पण तेव्हा मला त्या सगळ्यात फक्त साहेबाचा पैसा दिसला. मी ओरडलो, "तुमी आमचा रस्ता इकला! बेईमान हाय तुमी!"

चाचांचा चेहरा मला नीट आठवत नाही, कारण मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलंच नाही. ते एवढंच म्हणाले, "ऊन लय हाय. बादल-चंदनले पानी पाजून नेजो." मी पाणी न पाजताच निघालो.

रस्ता अजून जिवंत आहे हे मला दाखवून द्यायचं होतं. कापूस भरला आणि एकटाच मुंबईच्या वाटेला लागलो. शिंगांवर चांदी, गळ्यात घुंगरमाळा, सगळा थाट. बाळापूर ओलांडून पुढे काळ्या मातीच्या वाटेवर आख कडकन मोडला. मी खाली उतरलो आणि सवयीनं मागे वळून पाहिलं. अगदी खरं सांगतो, चाचा मागून येत असतील म्हणून मी वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. बंडीत शेंब्या चमकवायची चिंच होती, राखेचं गाठोडं होतं, आख नव्हता.

तीन दिवस मी त्या वाटेवर बसून होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी गणपत रिकामी बंडी घेऊन आला. बंडीत एक आख. म्हणाला, "रस्त्यात पडून दिसला, म्हटलं तुह्या कामी पडंन." आखाच्या टोकाला डाग देऊन काढलेल्या दोन रेघा होत्या. चाचांच्या प्रत्येक आखावर त्या असत. मी ओळखल्या, गणपतनं ओळखलं की मी ओळखल्या, आणि दोघांनी मिळून आख बसवला. तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. गणपत म्हणालाही, "चाल ना बे परत." मी नाही म्हटलं. तरण्या माणसाला मागे फिरणं फार जड जातं हो.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. खानदेशात रोज मागून आगगाडी यायची, शिटी द्यायची आणि पुढे निघून जायची. बैल बुजायचे. वाटेवरचे पडाव ओस पडले होते, चाऱ्याची दुकानं मोडली होती. कापूस कसाबसा मुंबईला पोचवला तर परतीचा माल मिळेना, येताना घाटाखाली चंदनचा पाय दुखावला, आणि जवळचं सगळं संपलं. तिथल्याच एका शेतकऱ्याला मी जोडी बंडीसकट विकली. शेंब्या तेवढ्या काढून घेतल्या. बादलनं शिंग माझ्या हातात दिलं, रोज पुसायला देत असे तसंच. त्या शेंब्या आजही माझ्या पेटीत आहेत. नंतर मी पुन्हा बैल घेतले नाहीत, कोणत्या बैलाला नाव दिलं नाही.

अकोल्याचं स्टेशन सुरू झालं तसा मी तिथे मालधक्क्यावर हमाल म्हणून लागलो. पहिल्याच हंगामात एका सकाळी खेड्यांतून कापसाच्या बंड्या आल्या, ओळीनं, आणि शेवटच्या बंडीमागून चाचा चालत आले. मी कापसाच्या गाठीआड लपलो होतो, खोटं कशाला बोलू? त्यांनी मला शोधून काढलं. पाठीवरचं ओझं पाहिलं, रिकामे हात पाहिले. बादल-चंदनचं नाव त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, "नारायणा, जेवला का?" मी मान हलवली. तो शब्द परत घेतो, असं जिभेवर आलं होतं, पण तेवढ्यात कोणीतरी हाक मारली आणि ते गेले. मग दुसऱ्या दिवशी म्हणू, पुढच्या आठवड्यात म्हणू, असं करत राहिलो.

त्या स्टेशनाच्या आवारात बैलांसाठी दगडी हौद आहे. बंडी वळवायला मोठी मोकळी जागा आहे, कडेला कडुनिंबाची रांग आहे. मला वाटायचं, साहेबानं सगळं विचार करून बांधलं असेल. एकदा त्याच साहेबाच्या तोंडून ऐकलं. तो आपल्या हाताखालच्या माणसाला मोडक्या हिंदुस्थानीत हसून सांगत होता, की लाकडाचं काम देताना त्या मुकादमाशी मी भाव करायला बसलो, तर तो गडी पैशांवर अडेना. त्याची अट एकच, जिथे स्टेशन होईल तिथे बैलांना पाणी, सावली आणि वळायला जागा. चाचांनी आमचा रस्ता कशाच्या बदल्यात विकला ते त्या दिवशी मला कळलं. मी हौदावर गेलो आणि उगाचच हात-पाय धूत बसलो.

त्यांचं न्यायानं वागणं त्या आवारातल्या प्रत्येकानं पाहिलं आहे. ज्याची बंडी आधी आली तिचा माल आधी उतरायचा, मग ती कोणाचीही असो. एकदा चाचांची स्वतःची बंडी चौदावी होती आणि आभाळ भरून आलं होतं. एका व्यापाऱ्यानं आग्रह केला, "मुकादम, तुमची घ्या ना पुढं." चाचा म्हणाले, "माह्या कापसाले जास्त भिजणं लागते का?" आणि चौदावेच राहिले.

माझ्यावर त्यांनी केलेले उपकार किती सांगू? एके दिवशी त्यांनी अकोल्याच्या बाजारातून पाटी आणि पेन्सिल आणून माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, "चाचा, या वयात?" ते म्हणाले, "ओझं उचलणारं यंत्र उद्या येईन. गाठीवर काय लिहिलं हाय थे वाचणारा माणूस मातर लागंन. मले जमलं नाई. तू शिक." मालाच्या नोंदी ठेवणाऱ्या मालबाबूंना सांगून रोज दुपारी तासभर माझी शिकवणीही त्यांनीच ठरवली. अक्षरं लागू लागली तेव्हा मला समोर बसवून गाठींवरच्या खुणा वाचायला लावत आणि स्वतः डोळे मिटून ऐकत. मी त्याच धक्क्यावर मालबाबू होऊन निवृत्त झालो. हा लेख ज्या अक्षरांत लिहितो आहे, तीही त्यांनीच दिलेली आहेत.

पुढे रूळ अमरावतीकडे सरकले आणि चाचा तिकडे गेले. मी अकोल्याला राहिलो. आगगाडीनं काही तासांची वाट, पण ते आगगाडीत बसत नाहीत आणि मी कोणत्या तोंडानं जाऊ? ईदेला कोणाबरोबर तरी शिरखुर्मा पाठवत, दिवाळीला मी फराळ पाठवी. एवढंच. धक्क्यावर यंत्रं आली, तारेचे खटके आले, सगळी सोय झाली. तरी सकाळी डोळा उघडला की मी अंथरुणात पडून वाट पाहतो. कोणीतरी बैलांची नावं घेईल, एकेक 'जुपली' येईल, आणि माझा क्रमांक जवळ येत जाईल. मला तो लांबचा रस्ता हवा आहे असं मुळीच नाही. पाय फुटायचे, ताप यायचा, कोण परत जाईल? मला आपल्या मागून कोणीतरी चालत येतंय हे हवं आहे. ते या सगळ्या सोयीत मला कुठे मिळालं नाही.

गेल्या हिवाळ्यात गणपत अकोल्याला आला होता. हौदावर बसून जुन्या गोष्टी निघाल्या. मी म्हटलं, "तो आख चाचानंच धाडला होता ना?" गणपत म्हणाला, "तं काय मी इकत आणला होता? तू गेला अन् दुसऱ्या दिवशी सकाळी हाका देऊन राहिले होते. तुह्या नावावर आले अन् थांबले. म्हणे, 'गणपत, नाऱ्याच्या बंडीत आख नाई. त्याले मालूमच नाई का आख लागते. जाय.'"

"माझ्या नावावर आले म्हणजे?" मी विचारलं.

गणपत माझ्याकडे बघत राहिला. "काहून, तुले मालूम नाई? थे रोजच घेतात. नऊ झाल्या का 'बादल-चंदन?' म्हणतात, घडीभर थांबतात, मंग अकरावी. जवळच्या खेपांनाही तसंच. आता डोयानं दिसत नाई तं खाटीवर बसून हाका देतात. पोट्टे हासतात, म्हणतात हे बैल मेले असतीन कवाचे. म्हाताऱ्याचं उत्तर एकच, 'मेले का नाई थे तुले काय मालूम? तू दहावा हाय का?'"

गणपत तंबाखू मळत राहिला. चाळीस वर्षं रोज सकाळी चाचांच्या तांड्यात माझ्या बैलांची हाक होत होती आणि मी अकोल्यात अंथरुणात पडून तिचीच वाट पाहत होतो. काय म्हणावं याला? मी रडलो, हे छापलं गेलं तरी चालेल.

तर चाचा, हा ग्रंथ तुम्हाला वाचून दाखवतील तेव्हा हे पान जरा मोठ्यानं वाचावं, अशी माझी वाचणाऱ्याला विनंती आहे. ज्या चाळीस जणांसमोर मी तो शब्द उच्चारला, त्यातले थोडेच आता उरले आहेत. म्हणून जे उरले त्यांच्यासमोर, आणि हा ग्रंथ वाचणाऱ्या सर्वांसमोर, मी तो परत घेतो. तुम्ही रस्ता विकला नाही. तो संपणार हे तुम्हाला आमच्याआधी दिसलं, आणि तुम्ही आमच्यासाठी वळायला जागा मागून ठेवलीत.

अल्लानं आणि खंडेश्वरानं मिळून तुम्हाला ठणठणीत ठेवावं. पायात चालण्याचं बळ राहो, कानात बैलांची घुंगरं वाजत राहोत, आणि तुमच्या हाकेवर बंड्या निघायच्या त्या आणखी पुष्कळ सकाळी निघत राहोत. सोहळ्याच्या आदल्या दिवशी मी आगगाडीनं येतो आहे. शेंब्या घेऊन येतो आहे. दुसऱ्या दिवशी फटफटायच्या वेळी तुमच्या खाटेसमोर, ओळीत, नवव्या आणि अकराव्याच्या मध्ये उभा राहीन. बैल नाहीत, बंडी नाही, खांदा मात्र अजून आहे.

तुम्ही नेहमीसारखीच हाक द्या, चाचा. आणि घडीभर थांबा.

जुपली.